दोन ओळींची जागा

॥ श्री ॥

बालीगंज, कोलकाता
१२ जानेवारी २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

आजी पत्र का लिहिते, फोन मोडला का, असं तुला वाटेल. फोन धडधाकट आहे. तुझ्या आजोबांचे कानही धडधाकट आहेत, तीच अडचण. फुप्फुसं गेली पण कान असे, की मी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लावलं तर बाहेरून विचारतात, साखरेचा का. दोन खोल्यांच्या घरात अशा माणसापासून फोनवर काही लपवता येत नाही. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे आणि पाकिटावर माझं एकटीचं नाव घाल. खालच्या पेटीतून मी स्वतः काढते.

बुधवारी यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासून झाल्यावर यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला नि तुझ्या बापाला आत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं वाळलेल्या घोसाळ्यासारखी झालीत, आता यावर औषध नाही. सहा महिने, कदाचित कमी. मी विचारलं, यांना सांगायचं का. मी तोंड मिटायच्या आत प्रमोद नाही म्हणाला. मग मीही नाहीच म्हटलं.

बाहेर आलो तर हे विचारतात, काय म्हणाले? मी सांगितलं, थंडी सरली की बरं वाटेल म्हणाले. जन्मभर अलीपूरच्या हवामान कचेरीत वारा मोजलेल्या माणसाला मी हवेची थाप मारली. यांनी नुसती मान हलवली आणि टॅक्सीत काच खाली करून बसले.

तुझ्या बापाचं असं चाललंय, की वेळ आली की न्यू टाउनला त्याच्या घराजवळच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, काचेच्या खोलीत ठेवायचं, घशात नळी घालायची. मुलाने काही कमी केलं नाही असं लोकांनी म्हणायला हवं ना. तुझी आई प्रतिभा नवऱ्याकडे बघते आणि मग घड्याळाकडे बघते.

मला मरणाचं काही नाही. ऐंशी वर्षांचा माणूस जाणार नाही तर काय दहावीला बसणार? मला भीती एकाच गोष्टीची आहे. हे गुदमरून जातील का? तू त्या कोळिकोडला शेवटच्या आजारातल्या माणसांचीच डॉक्टर झालीस. तेव्हा आम्ही म्हटलं होतं, बरी होणारी माणसं कमी पडली का हिला. आता तुझ्याशिवाय विचारायला कोणी नाही. खरं ते लिही. गोड करून सांगू नकोस, मला साखर आहे.

निर्मलाला बजावलंय, तिकीट पोस्टातून घे आणि पेटीत टाक, वाटेत कोणाच्या हातात देऊ नकोस. वीस वर्षं घरात आहे, एवढं तरी ऐकेल.

तुझी आजी
सुचित्रा


कोळिकोड
२२ जानेवारी २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

माझं मराठी लिहिणं आजोबांनी शिकवलेलं, तेही उन्हाळ्याच्या सुटीत, त्यामुळे चुका असतील.

तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर देते. या आजारात धाप लागते आणि पुढे पुढे जास्त लागते. पण गुदमरूनच जायचं असं ठरलेलं नसतं. नीट काळजी घेतली तर बहुतेक माणसं शेवटचे एक-दोन दिवस झोपेत जास्त असतात आणि श्वास हळू होत थांबतो. काळजी आधीपासून घ्यायला लागते. ऐन वेळी धावाधाव केली की माणूस इस्पितळातच पोचतो.

आता पहिलं काम. धाप लागली की आजोबांना टेबलापुढे बसव, टेबलावर दोन उशा ठेव, त्यावर त्यांना हात टेकून पुढे वाकू दे. आणि पंख्याने वारा घाल. छताचा पंखा नाही. हातातला, वीतभर अंतरावरून, गालावर आणि नाकाशी. तू हसशील हे मला माहीत आहे. पण चेहऱ्याला गार वारा लागला की मेंदूला हवा येतेय असं वाटतं आणि धाप उतरते. वेगवेगळ्या देशांत यावर अभ्यास झाले आहेत. मीही सध्या तेच काम करते, घरोघर जाऊन घरच्यांना हे शिकवायचं आणि फरक पडतो का ते लिहून ठेवायचं. एक बॅटरीचा छोटा पंखा कुरियरने पाठवत आहे.

बाबा मॉर्फिनच्या नावाने घाबरतील. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं, की रोजच्या उठण्याबसण्यातल्या धापेला त्याचा विशेष उपयोग होत नाही. म्हणून आत्ता ते नको. अगदी शेवटी धाप आणि भीती एकदम आली तर मोजून थोडं देतात. मोजून दिलं तर त्याने मरण ओढवत नाही.

आता तुला न आवडणारं. आजोबांना सांग. आम्ही रोज बघतो, सांगितल्यावर माणूस खचेल ही घरच्यांची भीती असते. न सांगितल्यावर तो एकटा पडतो, हे मात्र खरंच होतं.

आजी, तुझ्या पत्राखाली चार बोटं जागा कोरी होती. पूर्वी तुझी पत्रं यायची तेव्हा तिथे आजोबांच्या दोन ओळी असायच्या, आजची हवा वगैरे. कोरी पाहून मी कागद उलटून पाहिला.

तुझी
मंजुषा


॥ श्री ॥

बालीगंज
६ फेब्रुवारी २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

दोन पानं डोळे फोडून वाचली आणि शेवटी निघाला काय, तर पंखा. एवढ्यासाठी डॉक्टरकी केलीस? माझी सासू वीज नव्हती तेव्हा सबंध आळीला हे फुकट करत होती. तिला कोणी पगार दिला नाही.

तुझा गुलाबी पंखा पोचला. यांनी तो उलटासुलटा केला, शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला, तो पंख्यापुढे धरून किती आडवा होतो ते पाहिलं आणि म्हणाले, झुळूक, वाऱ्याचा दुसरा वर्ग. मंजूने कशाला पाठवला म्हणून विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यासाठी. फेब्रुवारीत. पुन्हा नुसती मान हलवली. हल्ली मान फार हलवतात, बोलत काही नाहीत. रुसलेत की काय कोण जाणे.

रविवारी आंघोळीनंतर धाप लागली. ओठ निळसर झाले. प्रमोद आला होता, तो लगेच फोन शोधायला लागला. मी म्हटलं, आधी टेबल ओढ. उशा ठेवल्या, यांना वाकवलं. गुलाबी पंख्याची बॅटरी संपलेली, कारण सकाळभर यांनी दोरा आडवा केला होता. मग गडियाहाटच्या बाजारातून आणलेला माझा ताडाचा पंखा घेतला आणि वीतभर अंतरावरून गालावर वारा घातला. सात-आठ मिनिटांत ओठांवर रंग आला. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर मिनिटाला अडतीसवरून सव्वीस. हे बसून स्वतःचे श्वास मोजत होते. आम्ही दोघं घामाघूम.

तेव्हा पंख्याचं खरं आहे. तसं लिहून ठेव तुझ्या वहीत. माझं नाव घातलंस तरी चालेल.

पण सांगणार मात्र नाही. चोपन्न वर्षं यांच्याशी भांडले, कधी खोटं बोलले नाही. आता एकदा बोलले आहे तर ते निभवायला नको?

आणि एक लिहिते, ते तुझ्यापाशीच ठेव. माझे वडील असेच गेले. दमेकरी होते. तीन दिवस ओसरीवर बसून होते, आडवं होता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो आवाज मला ऐकवेना. चौदा वर्षांची होते. पळाले आणि आगरातल्या विहिरीमागे कान झाकून बसले. परत आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. आईने कधी विचारलं नाही, कुठे होतीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मंजू, मला धाप दिसली की आजही पाय दाराकडे वळतात. रविवारी वळले होते. पंखा हातात होता म्हणून थांबले.

कोऱ्या जागेचं विचारलंस. लग्नानंतर माहेरी पहिलं पत्र लिहिलं तेव्हापासून खालची जागा यांची. हात तिथे आला की आपोआप थांबतो. त्यात बघण्यासारखं काही नाही.

आजी


कोळिकोड
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आजी, नमस्कार.

तुझं पत्र मी कोणाला दाखवणार नाही. विहिरीचं तर नाहीच. पण एवढं सांगते, ज्यांना मी पंखा धरायला शिकवते त्यांतली कितीतरी माणसं हेच बोलतात, की हाताला काम मिळालं म्हणून बसता आलं. ते आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

घरी येऊन बघणाऱ्या एका नर्सशी बोलले आहे. स्नेहा तिचं नाव, जादवपूरला राहते. आठवड्यातून दोनदा येईल. ती विचारेल, पेशंटला आजार माहीत आहे का. तिच्याशी खोटं बोलू नकोस, तिला ते लगेच कळतं.

मंजुषा


॥ श्री ॥

बालीगंज
४ मार्च २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

स्नेहा येते. पोरगी बरी आहे, चहा घेत नाही. तिने विचारल्यावर मी खरं सांगितलं. ती म्हणाली, माशीमा, ते मला तुमच्याबद्दल बरंच विचारतात, स्वतःबद्दल काही नाही. याचा अर्थ तूच लाव.

इथे वेगळंच काही शिजतंय. शुक्रवारी मी बाजारातून आले तर जिन्यात काळ्या कोटाचा माणूस उतरताना दिसला. वर आले तर सोसायटीचे सेक्रेटरी आणि समोरचे चॅटर्जीबाबू आमच्या खोलीत बसलेले, दोघांच्या हातात पेन. मला पाहून दोघंही एकदम आमच्या कुंडीतल्या तुळशीचं कौतुक करायला लागले. तुळस महिन्यापूर्वी वाळलीय. ते दोघं गेल्यावर मी यांना विचारलं, वकील कशाला? तर म्हणाले, जुनं काम राहिलं होतं.

मी खुळी नाही. मृत्युपत्र केलं असणार. फ्लॅट प्रमोदच्या नावावर केला असेल. करू देत, त्याचाच आहे. पण मला न सांगता? बाजाराची पिशवी माझ्या हातात, आणि मी आपल्याच घरात परकी असल्यासारखी दारात उभी. मी यांच्यापासून लपवते ते यांच्यासाठी. हे माझ्यापासून लपवतात ते कशासाठी? तीन दिवस मी बोलले नाही. यांनाही बोलायला श्वास कमी, त्यामुळे घरात शांतता आहे.

प्रमोद काल येऊन सांगून गेला, इस्पितळात बोलून ठेवलंय, आता कधीही फोन केला तरी गाडी येईल. मी विचारलं, नळी घातल्यावर बोलता येतं का? म्हणाला, नाही. मी विचारलं, नळी निघते का? म्हणाला, ते डॉक्टर ठरवतात. मग उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. बापासाठी मुलगा रडतो ते मला कळतं. पण यांचा शेवट त्या काचेआड आणि मी बाहेर बाकावर, हे मला नको आहे. आणि घरी ठेवलं आणि मीच पळाले तर? हे दोन्ही डोक्यात फिरतं आणि कढईतलं करपतं.

आजी

[खालच्या कोऱ्या जागेत, बारीक तिरक्या अक्षरात]

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद. आजची हवा: किमान एकवीस, वारा नैर्ऋत्येकडून, दमट. शितांनी चिकटवलेली पाकिटं सुटण्यास अनुकूल.
दोन ओळींचा नियम मोडतो. निर्मला पाकिटं तिकिटासाठी माझ्याकडेच आणते, तिकिटं माझ्या खणात असतात. आधीची दोन मी न उघडता पाठवली. याचं तोंड सुटलं होतं. आत जागा सोडलेली दिसली, ती माझीच असं धरून चाललो.
मला डिसेंबरपासून ठाऊक आहे. छातीच्या फोटोत पांढरं कुठे असू नये ते ढगांचे फोटो बघितलेल्याला कळतं. तुझी आजी इतकी मन लावून खोटं बोलते आहे की मोडवत नाही. वकील मृत्युपत्राचा नव्हता. सोबतची नक्कल वाच, म्हणजे कळेल. हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, तू यातली शिकलेली आहेस.
दिगंबर


कोळिकोड
१३ मार्च २०२५

ती. आजी, नमस्कार.

या वेळी मी काही लिहीत नाही. तुझंच पत्र परत पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच, अगदी खालपर्यंत. सोबतचा कागदही वाच.

वाचून झालं की पाणी पी आणि मग त्यांच्या खोलीत जा.

मंजुषा


॥ श्री ॥

बालीगंज
२० मार्च २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

आधी निर्मलाचा निकाल. तिला उभी केली, म्हटलं, तुला सांगितलं होतं ना, तिकीट पोस्टातून घे. ती भांडी घासता घासता म्हणाली, मेशोमशाईंची सगळी कामं तुम्ही काढून घेतलीत, तिकीट चिकटवायचं एक राहिलं होतं, तेही मी काढून घेऊ? तिला चहा दिला.

तुझं पाकीट खालीच जिन्यात फोडलं. माझंच पत्र बघून वाटलं, पत्ता चुकून परत आलं. मग ते अक्षर दिसलं. वरून खाली दोनदा वाचलं. जिन्याच्या पायरीवर बसले तर चॅटर्जीबाबूंची सून विचारते, डॉक्टर बोलावू का. म्हटलं, नको, नवरा आहे वर.

हे खिडकीशी बसले होते. मी पत्र टेबलावर ठेवलं. यांनी चष्मा काढला.

"एवढे दिवस बोलला का नाहीत?"

"तू थंडी सरायची वाट बघायला सांगितली होतीस. बघत होतो."

मग मला हसू आलं. खरंच सांगते, रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं, आणि हे हसायला लागले तशी धाप लागली, आणि मी पंखा घेऊन बसले. वारा घालता घालता भांडले. दोन महिन्यांचं भांडण साठलं होतं, ते सगळं काढलं. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घरात चोरासारखं वावरणं संपलं. रात्री आम्ही दोघांनी मिळून साखरेचा शिरा खाल्ला. तू डॉक्टर असशील तर असशील, मला त्याबद्दल काही लिहू नकोस.

मग तो काळ्या कोटाचा कागद पुढ्यात घेतला. इंग्रजीत आहे, यांनी मला मराठीत वाचून दाखवला. बरं होण्याची आशा नसेल तर नळी नको, यंत्र नको, घरीच ठेवा, त्रास कमी करणारी औषधं द्या. हल्ली कायद्याने असं लिहून ठेवता येतं म्हणे, दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. आणि आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने बोलायचं कोणी, तिथे माझं नाव.

मी म्हटलं, चौथी पास बाईचं नाव कशाला घातलंत, प्रमोद शिकलेला आहे. तर म्हणाले, प्रमोद घाबरला की इस्पितळाकडे पळतो.

मग मला ते सांगावंच लागलं. म्हटलं, मीही पळते. विहिरीचं सगळं सांगितलं. साठ वर्षांत तू सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. हे शांतपणे म्हणाले, ठाऊक आहे. तुझ्या आईने लग्नाआधी मला सांगितलं होतं. ही घाबरली की पळते, तेव्हा रागावू नका, विहिरीमागे बघा.

म्हणजे आईला ठाऊक होतं. मी कुठे होते ते तिला त्या दिवशीही ठाऊक होतं, आणि तिने मला तिथे बसू दिलं होतं.

मी म्हटलं, एवढं ठाऊक असून माझं नाव घातलंत? तर म्हणाले, "बालीगंजात विहीर नाही."

यांचं म्हणणं आहे, मेल्यावर यायचं नाही, आत्ता ये. तिकीट काढ.

आजी

[खाली]

आजची हवा: निरभ्र. वारा घरातच, आग्नेयेकडून, मधूनमधून जोराचा, शब्दांसह.
शिरा उत्तम झाला होता. ये.
दिगंबर


॥ श्री ॥

बालीगंज
३० एप्रिल २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

काल तेरावा झाला. आता घरात कान देणारं कोणी नाही, फोनवर खुशाल बोलता आलं असतं. पण सवय पत्राची झालीय.

तू आठ दिवस राहून गेलीस ते बरं केलंस. तू गेल्यावर चार दिवस हे तुझे मराठी उच्चार सुधारत होते, तुझ्या माघारी. फोनवर तू विचारलंस, शेवट कसा झाला. तुझा बाप शेजारी होता म्हणून नीट सांगितलं नाही. आता सांगते, त्याला वाचून दाखवूनच टाकणार आहे.

सोळा तारखेला सकाळी धाप लागली ती पंख्याने उतरेना. बोलणं बंद झालं. डोळे भिरभिरायला लागले. मी स्नेहाला फोन केला, प्रतिभाने प्रमोदला केला, आणि प्रमोदने गाडीला. स्नेहा वाटेत होती. गाडी आधी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन दारात, तुझा बाप त्यांच्यापुढे, आणि यांचा तो आवाज. मंजू, तोच आवाज. माझे पाय वळले. दारापर्यंत गेले, खोटं कशाला बोलू. दारात स्ट्रेचर होतं म्हणून अडकले. तिथे उभी राहून मागे पाहिलं तर हे माझ्याकडेच बघत होते.

मग मी त्या माणसांना बंगालीत म्हटलं, तुम्ही बसा, पाणी घ्या. आणि खणातून, त्या तिकिटांच्या खणातून, कागद काढून प्रमोदच्या हातात दिला. तो वाचेना. म्हणाला, आई, हे कागद नंतर, बाबा गुदमरतायत, मी असा बघत बसू का?

"बसायचं नाही. पंखा धर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा लहानपणी तापात बघायचा. मी ताडाचा पंखा त्याच्या हातात दिला आणि यांच्या पाठीशी बसले. स्नेहा आली. तिच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून तिने ते मॉर्फिन दिलं, मोजून, थोडं. मी घड्याळाकडे बघत होते. पंचवीस मिनिटांनी खांदे खाली आले. तासाभराने भुवया सुटल्या. गाडीची माणसं सही घेऊन गेली. जाताना त्यातल्या एकाने यांच्या पायाला हात लावला.

त्यानंतर यांनी सबंध दिवस झोप काढली. मध्ये एकदा डोळे उघडून प्रमोदला म्हणाले, मनगटातून, खांद्यातून नाही. पंख्याबद्दल. तेवढंच बोलले. सतरा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला श्वास लांब लांब होत गेला. दोन श्वासांमध्ये एवढं अंतर पडायला लागलं, की निर्मला मध्येच उठून गॅस बंद करून आली. मी हात धरून बसले होते. एक श्वास आला, आम्ही पुढच्याची वाट पाहिली, तो आला नाही. आवाज नाही, ओढ नाही. माझे वडील गेले तेव्हा मी पाहिलं नव्हतं, म्हणून साठ वर्षं ते फार भयंकर धरून चालले होते. कदाचित तेही शेवटी असेच गेले असतील. आता कळायला मार्ग नाही, पण मला हल्ली तसं वाटतं, आणि झोप लागते.

लोक भेटायला येतात, म्हणतात, इस्पितळात नेलं असतं तर. तुझा बापच सांगतो, बाबांचा कागद होता. कागदाची नक्कल पाकिटात घेऊन फिरतो. परवा त्याच्या कंपनीतल्या कोणाला तरी नोटरीचा नंबर देत होता.

यांची हवेची वही पाहिली. सोळा तारखेपर्यंत रोजची ओळ आहे. शेवटच्या ओळीचं अक्षर बघवत नाही, पण आकडे बरोबर असणार.

मी बरी आहे. खाते, भांडते. स्नेहा अजून येते, म्हणते, घरच्यांना बघायलाही यायचं असतं. तिला आता चहा घ्यावा लागतो.

नेहमीसारखी खाली जागा सोडली आहे. प्रमोदला म्हटलं, लिही. म्हणतो, मला मराठी लिहायची सवय नाही, काय लिहू? मी म्हटलं, हवेपासून सुरू कर.

आजी

[खाली, मोठ्या अवघडलेल्या अक्षरात]

आजची हवा: गरम. संध्याकाळी दक्षिणेकडून वारा आला.
मंजू, पंखा मी धरला होता. आई म्हणते, शेवटी शेवटी मनगटातून जमायला लागलं होतं.
बाबा